'टॅरिफमुळे पगार कमी' म्हणतात, सही करू का?

बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, नावगाव काढून थोडक्यात देतो. कपडे शिवायच्या कारखान्यात त्या फिनिशिंगला चेकर आहेत, सात वर्षं झाली, टेबल तेच, गेट तेच, फक्त ठेकेदार तीनदा बदलला. दिवाळीनंतर एचआरच्या साहेबांनी सगळ्या बायांना कॅन्टीनमध्ये बसवून सांगितलं की अमेरिकेने टॅरिफ लावला, ऑर्डर गेल्या, आता पुढच्या महिन्यापासून पगारातून २,२०० रुपये कमी, ओव्हरटाइम सिंगल रेटने, आणि ज्यांना काम टिकवायचंय त्यांनी हा कागद सोमवारपर्यंत सही करून द्यायचा. कागद इंग्रजीत. ताईंच्या भाचीने वाचला तर त्यात निघालं की 'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे', आणि एक तारखेपासून नव्या ठेकेदाराकडे जॉइनिंग. घरी नवरा म्हणतो, "सही करून टाक, काम तं राहीन, एम्प्रेस मिल युनियनवाल्यांनीच बुडवली ना." वडील हिंगणघाटकडे कापूस पिकवतात, ते म्हणतात, "आमचा माल घरात पडून हाय अन् हे बाहेरचा बिनकराचा आणून राह्यले." ताई विचारतात: कंपनी खोटं बोलते का, सही करू का, आणि ट्रम्पच्या भांडणात माझा पगार कुठून आला?

ताई, नमस्कार. आधी घाईचं सांगतो, बाकी सावकाश वाचा. सोमवारी सही करू नका. भांडूही नका. एवढंच म्हणा की कागद इंग्रजीत आहे, मला मराठीत द्या, एक कॉपी द्या, घरी दाखवून सांगते. कॉपी देत नसतील तर फोनमध्ये फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंचा. आणि अगदीच समोर उभं करून सही घ्यायला लागले तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने मराठीत लिहा, 'मला मान्य नाही, दबावाखाली सही', तारीख टाका, आणि त्याच दिवशी ती गोष्ट कामगार ऑफिसला लेखी कळवा.

का म्हणतो ते सांगतो. त्या एका कागदात दोन गोष्टी बांधल्यात, पगार कमी घेईन ही एक आणि राजीनामा ही दुसरी. पहिली जास्त टोचते म्हणून बाया सगळ्या २,२०० वरच बोलत असतील, पण मेख दुसरीत आहे. किमान वेतनाच्या खाली घेईन किंवा ओव्हरटाइम सिंगल घेईन असं तुम्ही दहा सह्या करून दिलं तरी कायद्यात त्याची किंमत शून्य, कारण नव्या वेतन संहितेत सरळ लिहिलंय की कायद्याने मिळायच्या पैशावर पाणी सोडणारा करार रद्दबातल, आणि ओव्हरटाइम दुप्पट म्हणजे दुप्पटच, अमेरिकेत काहीही होवो. पण राजीनामा असा आपोआप रद्द होत नाही. तो दिला की कागदावर तुम्ही स्वतः गेलात, कंपनीने काढलं नाही, मग कामावरून कमी केल्यावर जे मिळायला हवं ते मागायला तोंडच राहत नाही.

ते किती आहे बघा. कंपनीला खरंच माणसं कमी करायची असतील तर ज्याने वर्षभर सलग काम केलंय त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. नव्या औद्योगिक संबंध संहितेत याच्यावर आणखी १५ दिवसांचा पगार आहे, दुसरं काम शिकायच्या फंडातून, तो ४५ दिवसांत खात्यात यायला हवा. समजा तुमचा पगार १३,००० धरला, २६ दिवसांचा महिना धरला, सात वर्षं सलग धरली, तर ५२,५०० भरपाईचे, १३,००० नोटीसचे आणि ७,५०० त्या फंडाचे, झाले ७३,०००. ग्रॅच्युइटी वेगळी. आणि हे सगळं त्या 'स्वखुशीने' एवढ्या एका शब्दात जातं, बदल्यात मिळतं काय तर २,२०० रुपये कमी पगाराचं तेच काम आणि सेवा पुन्हा शून्यापासून.

तीनदा ठेकेदार का बदलला हेही आता लक्षात आलं असेल. ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षं सलग लागतात, आणि दर दोन-अडीच वर्षांनी ठेकेदार बदलला की कोणाकडेच पाच वर्षं भरत नाहीत. (नव्या संहितेत ठराविक मुदतीच्या लेखी करारावर असलेल्याला एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे, म्हणून तुमच्या नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते बघा. नेमणूकपत्रच नाही म्हणाल, तर ते देणं आता सक्तीचं आहे.) तुमचा प्रश्न तिथे अडेल हे मी लपवत नाही, सात वर्षं एकाच मालकाची धरायची की वेगवेगळ्या ठेकेदारांची यावर वाद होणार. पण तुमच्या बाजूने पुरावा सरकारकडेच पडून आहे, तुमच्या पीएफच्या पासबुकात. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच असतो, ठेकेदार बदलला की मेंबर आयडी बदलतो, आणि एका महिन्याचाही खंड नसेल तर काम सलग चालू होतं हे त्यावरून दाखवता येतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, कंपनी खोटं बोलते का. बहुतेक नाही. टॅरिफ खरा आहे. २०२५ च्या ७ ऑगस्टला अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के लावला, २७ ऑगस्टला रशियाच्या तेलाचं कारण सांगून आणखी २५, झाले ५०, आणि तिरुपूरच्या काही कारखान्यांनी त्याच महिन्यात उत्पादन थांबवल्याच्या बातम्या आल्या होत्या. हा आकडा २०२५ चा, पुढे खाली येईल, वर जाईल, त्यांच्या मनावर आहे. पण तुमचा माल अमेरिकेला जातो का हे तुम्ही एचआरपेक्षा चांगलं सांगू शकता ना, तुम्ही चेकर आहात. प्राइस टॅगवर डॉलर आहे की पौंड की युरो की आपलेच रुपये? आत शिवलेल्या लेबलवर आरएन म्हणून नंबर असतो, तो अमेरिकेच्या बाजारासाठीच टाकतात. मागच्या तीन महिन्यांत कोणत्या टॅगचा माल किती आला हे वहीत लिहून काढा. निम्मा माल देशातल्याच दुकानांचा असेल तर टॅरिफचं कारण निम्मंच लागू आहे, पगार कापताना मात्र सगळ्या लाइनचा कापला.

आणि हा कर भरतो कोण? कंपनी भरत नाही. माल तिकडच्या बंदरात उतरला की तिथला आयात करणारा त्यांच्या सरकारला भरतो. मग तो इकडे फोन करतो की बाबा मला एवढं परवडत नाही, तू दर कमी कर. इथून खरी गोष्ट चालू होते आणि तिचा टॅरिफशी संबंध अर्धाच आहे, उरलेला अर्धा कोणाचं कोणावर चालतं याच्याशी आहे. तो खरेदी करणारा ब्रँड मोठा आहे, त्याला शिवून देणारे हजारो कारखाने आहेत, इथे नाही तर बांगलादेशात, तिथे नाही तर व्हिएतनाममध्ये. २००५ च्या १ जानेवारीपर्यंत निदान कोटा होता, कुठल्या देशातून किती कापड घ्यायचं याला मर्यादा होती, ती गेली तेव्हापासून ब्रँडला कुठेही जायची मोकळीक आहे. ब्रँड देश बदलू शकतो, तुम्ही बुटीबोरीहून फार तर हिंगण्याला जाल. म्हणून मालक ब्रँडला नाही म्हणत नाही. मग तो मागे वळून बघतो की आपण कोणाला दाबू शकतो. कापडवाल्याला? तो उधारी बंद करेल. वीज? बिल नाही भरलं तर लाइन कापतील. बँक? ती तर बसलेलीच आहे. ठेकेदाराचं कमिशन? तो म्हणेल मी बाया पाठवत नाही. राहिलं कोण? लग्नाच्या पंगतीत भात कमी पडला तर तो आचाऱ्याला किंवा व्याह्यांना कमी पडत नाही, शेवटच्या पंगतीला कमी पडतो, आणि तुम्हाला शेवटच्या पंगतीला बसवायचं काम त्या ठेकेदारीने सात वर्षांपूर्वीच करून ठेवलंय. टॅरिफ आता आला.

मला राग कशाचा येतो सांगू? धंदा अडचणीत आला तर मालकाने काय करायचं हे कायद्यात आहे. ऑर्डर नाही तर ले-ऑफ देता येतो, ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी वर्षभर मस्टरवर असलेल्याला बेसिक आणि डीएच्या निम्मे पैसे देऊन घरी बसवता येतं. पगाराच्या अटी बदलायच्या तर आधी २१ दिवसांची लेखी नोटीस देऊन बदलता येतात, आणि त्या नोटीसवर कामगाराला वाद घालता येतो. माणसं कमी करायची तर भरपाई देऊन करता येतात, आणि आता तर ३०० पेक्षा कमी कामगार असले तर सरकारची परवानगीही लागत नाही, आधी ही मर्यादा १०० होती. म्हणजे मालकाला सोपं करूनच दिलंय. तरी पण कॅन्टीनमधलं भाषण आणि इंग्रजी कागद, कारण तो रस्ता फुकटचा आहे.

या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, २९ जुने कायदे त्यात गेले. याच्यावर दोन्ही बाजूने एवढी बोंबाबोंब आहे की सगळं वाईट किंवा सगळं छान असंच ऐकू येतं. माझं मत विचाराल तर काढून टाकणं सोपं केलं आणि एकत्र येणं अवघड केलं, पण पगाराच्या बाबतीत काही गोष्टी कामाच्या आहेत, त्या वापरायच्या. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. काम सुटलं तर हिशोब दोन कामाच्या दिवसांत. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीने द्यायचा, हे जुन्या ठेका कायद्यातही होतं आणि नव्यातही आहे, 'तुम्ही आमच्या नाही, ठेकेदाराच्या' हे एचआरचं वाक्य पगारापुरतं तरी चालत नाही. आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, दिले नाहीत हे तुम्हाला सिद्ध करायचं नाही.

अडचणीची एक गोष्ट मात्र नीट ऐका, कारण तुम्ही पत्रात लिहिलंय की सगळ्या जणी एका दिवशी सुट्टी टाकायचं ठरवून राहिल्या. तसं करू नका. नव्या संहितेत निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तो संप धरतात, आणि संपाला आधी नोटीस द्यावी लागते, १४ दिवस. नोटीस न देता सुट्टी टाकली की संप बेकायदेशीर, आणि मग कंपनीला जे हवंय ते तुम्हीच हातात दिलं.

भाऊजींचं बोलणं मला कळतं. घरात एकाचा पगार थांबला की काय होतं हे त्यांना दिसतंय, आणि काम हातात असणं ही मोठी गोष्ट आहे, त्यांना भित्रे वगैरे म्हणू नका. पण एम्प्रेस मिलचं जे म्हणतात ते मला पटत नाही. जमशेदजी टाटांनी १८७७ च्या १ जानेवारीला ती मिल इथे नागपुरात चालू केली, १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला, तेव्हा देशात असा कायदाच नव्हता. म्हणजे कामगाराला देऊनही मिल शंभर वर्षांवर चालली. पुढे यंत्रं जुनी झाली, पैसा गुंतवला नाही, पॉवरलूमचं स्वस्त कापड आलं, देशभर कापड गिरण्या अशाच बसल्या. १९८६ मध्ये तर राज्य सरकारनेच ती ताब्यात घेतली आणि २००२ मध्ये बंद केली. शेवटची सोळा वर्षं मालक सरकार होतं, मग बुडवली युनियनने कशी? आज त्या जागेवर मॉल आहे, आणि कामगारांना मात्र आपल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या चकरा माराव्या लागल्या. ज्यांच्याकडे सर्व्हिसचे कागद नीट होते त्यांना भांडता तरी आलं.

आणि युनियन म्हणजे लाल बावटाच असं काही नाही. आपल्या नागपूरला दोन्ही टोकं आहेत, कम्युनिस्ट नेते भाई बर्धन नागपुरातच वाढले, १९५७ मध्ये इथूनच अपक्ष आमदार झाले, आणि रा. स्व. संघाचे दत्तोपंत ठेंगडी आर्वीचे, त्यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ काढला. दोघांचं एकमेकांशी पटणं शक्य नव्हतं, पण नव्वदच्या दशकात डंकेल प्रस्ताव (जागतिक व्यापाराच्या नव्या नियमांचा मसुदा) आणि जागतिक व्यापार संघटनेला विरोध दोन्हीकडून झाला. स्वदेशी जागरण मंच तर १९९१ मध्ये नागपुरातच स्थापन झाला. तेव्हा लोक हसायचे की यांना जगात काय चाललंय कळत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, ट्रम्पच्या भांडणात माझा पगार कुठून आला. मला तुमच्या पत्रातला हाच प्रश्न सगळ्यात आवडला, कारण व्यापाराच्या करारांमध्ये तुमचा पगार नसतोच, तीच तर भानगड आहे. जागतिक व्यापार संघटना १९९५ मध्ये चालू झाली, तिच्यात औषधाच्या पेटंटपासून कशाकशाचे नियम आहेत, आणि एखाद्या देशाने पेटंटचा नियम मोडला तर त्याच्यावर केस होते, शिक्षा म्हणून त्याच्या मालावर कर लावता येतो. कामगारांचं काय करायचं हा विषय १९९६ ला सिंगापूरच्या बैठकीत निघाला तेव्हा तो आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे ढकलला, जिला कोणालाही दंड करता येत नाही. गंमत म्हणजे हे ढकलण्यात भारतही पुढे होता. कारण आपल्या सरकारचं म्हणणं होतं की श्रीमंत देश कामगारांच्या नावाने आमचा स्वस्त माल अडवतील, आणि ते म्हणणं अगदीच चूक नव्हतं, अजूनही नाही. पण झालं असं की कंपनीच्या पेटंटला दात असलेला कायदा मिळाला आणि शिवणाऱ्या बाईला सदिच्छा.

हे असंच असायला पाहिजे असं काही नाही. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडाच्या २०२० पासून लागू झालेल्या करारात अशी सोय आहे की मेक्सिकोतल्या एखाद्या कारखान्यात कामगारांना युनियन निवडू देत नसतील तर थेट त्या कारखान्याच्या मालावर कारवाई होते. सिलाओ गावात जनरल मोटर्सचा मोठा कारखाना आहे, तिथे कंपनीच्या मर्जीतल्या जुन्या युनियनचा करार कामगारांनी २०२१ मध्ये मतदानाने पाडला, २०२२ मध्ये आपली स्वतंत्र युनियन निवडली आणि त्याच वर्षी साडेआठ टक्के पगारवाढ घेतली. आणि आपल्या देशातलंच पाहिजे तर तमिळनाडूतलं दिंडीगुल. तिथे एका कपडे कारखान्यातल्या तरुण मुलीचा २०२१ मध्ये तिच्या सुपरवायझरने खून केला, त्यानंतर बायकांच्या युनियनने मालकाशी आणि माल घेणाऱ्या परदेशी ब्रँडशी २०२२ मध्ये करार केला, की कारखान्यात बायकांचा छळ थांबवला नाही तर ब्रँडने ऑर्डरच्या बाबतीत पाऊल उचलायचं. म्हणजे ज्या साखळीतून ओझं तुमच्यापर्यंत खाली येतं तिच्यातूनच तुमचं म्हणणं वर पाठवता येतं. पण ते एकट्या बाईने पाठवलेलं नव्हतं, आणि दोन्ही ठिकाणी आधी कारखान्यातले लोक एकत्र आले, करार नंतर कामी आला.

बाबांचं आता. तुम्ही पत्रात त्यांच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्या आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग तिथेच आहे. टॅरिफ वाढल्यावर कापड उद्योगाला आधार म्हणून केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे नेमका आपल्याकडे वेचणीचा आणि विक्रीचा हंगाम. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० आणि मध्यम धाग्याचा ७,७१०, आणि बाजारात व्यापारी त्याच्या खाली बोलणार हे सांगायला ज्योतिषी नको. आता बघा, एकाच घरात बाबांना कापसाचा भाव कमी मिळाला कारण गिरण्यांना कापूस स्वस्त द्यायचा होता, गिरण्यांना कापूस स्वस्त द्यायचा कारण निर्यात टिकली पाहिजे, निर्यात टिकली पाहिजे कारण म्हणे रोजगार टिकले पाहिजेत, आणि तो रोजगार म्हणजे तुम्ही, तुमचे २,२०० कापून राह्यले. तुमच्या कारखान्याला स्वस्त सूत मिळालं का, किती मिळालं, हे मला माहीत नाही. पण सवलत देताना 'पगार कापणार नाही' अशी अट त्या आदेशात कुठे नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये निर्यातदारांसाठी २५,०६० कोटींचं मिशन मंजूर झालं, कर्जाला २०,००० कोटींची हमी वेगळी. देऊ द्या, उद्योग जगला पाहिजे, मी त्याच्या विरोधात नाही. पण साहेब पुन्हा कॅन्टीनमध्ये टॅरिफ-टॅरिफ करतील तेव्हा एखाद्या बाईने शांतपणे विचारावं की सर, यातलं आपल्या कंपनीला काय मिळालं?

बाबांना सांगा व्यापाऱ्याला घालायच्या आधी सीसीआयच्या, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, केंद्राची चौकशी करा, त्यांची नोंदणी आता कपास किसान ॲपवर होते, सातबाऱ्यावर कापसाचा पेरा लागलेला पाहिजे.

आणखी एक तुम्ही विचारलं नाही पण येईल म्हणून सांगतो. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यात रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायला आणि तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तास करायला मान्यता दिली, गुंतवणूक यावी म्हणून, दुसऱ्या राज्यांनी केलं म्हणून आपणही. आठवड्याचे ४८ तास हे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खातं सांभाळत होते तेव्हाच्या, १९४६ च्या दुरुस्तीने आले, त्याच्या आधी ५४ होते. तर या नव्या १२ तासांना तुमची लेखी संमती लागते. आणि संमतीचा कागदही असाच इंग्रजीत, असाच सोमवारपर्यंत येऊ शकतो.

आता कामाला लागा. यूएएनचा पासवर्ड नसेल तर आजच काढा, पासबुकची प्रिंट मारा. ईएसआयसीचं कार्ड, बँकेचं स्टेटमेंट, गेटपास, सुपरवायझरचे 'उद्या रविवार ड्युटी' वाले व्हॉट्सॲप मेसेज, सगळं भाचीच्या मेलवर टाकून ठेवा, कारण फोन हरवतो. पीएफ कापलाय पण भरला नाही असं दिसलं तर रघुजीनगरला तुकडोजी पुतळ्याजवळ पीएफचं ऑफिस आहे, तिथली तक्रार ऑनलाइनही होते. तुमच्या झोनचं किमान वेतन आणि विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैमध्ये बदलतो, ताजा तक्ता कामगार ऑफिसला मिळतो, २,२०० गेल्यावर तुम्ही त्याच्या खाली जाता का ते बघा, जात असाल तर निम्मी लढाई तिथेच झाली. सिव्हिल लाईन्सला कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जाताना एकट्या जाऊ नका, आठ-दहा जणी जा, एकच अर्ज सगळ्यांच्या सह्यांचा, आणि पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका, साहेब मीटिंगला आहेत म्हणाले तरी. वकील परवडत नाही असं तुम्ही लिहिलंय. बायकांना उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळतो, १९८७ चा कायदा आहे, जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथे साधा अर्ज करायचा. हे बहुतेकींना माहीतच नसतं.

युनियनबद्दल भाऊजींशी वाद घालत बसू नका, आधी बुटीबोरीत आजूबाजूच्या कारखान्यात ठेक्यावरच्या बायांचे पैसे कोणी मिळवून दिलेत का ते विचारा, झेंडा कोणता ते नंतर बघू. नोंदणीला निदान सात जण, आणि कारखान्यातले १० टक्के किंवा १०० कामगार यातलं जे कमी तेवढे सभासद लागतात, पण मालकाने बोलणी तुमच्याशीच करायची अशी मान्यता हवी तर नव्या संहितेत ५१ टक्के कामगार मागे लागतात, म्हणून आहे त्या चालत्या युनियनमध्ये जाणं बरं.

आणि ओव्हरटाइम सिंगल रेटने 'आता' देणार म्हणाले ना, तर आधी खरंच डबल देत होते का ते जुन्या पगारपत्रकांवरून काढा. मला शंका आहे. नव्या वेतन संहितेत तीन वर्षं मागे जाऊन दावा करता येतो, आणि बुडवलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई द्यायला लावायचा अधिकार तिथल्या अधिकाऱ्याला आहे.